गांजाच्या झाडात वास येतो कुठून आणि ब्रीडर तो निवडतात कसा: पहिल्या भिंगापासून शेवटच्या बाटलीपर्यंत

एकाच मादी झाडाच्या दहा बिया घ्या, एकाच मातीत लावा, एकाच दिवशी पाणी घाला, तरी फुलोरा आल्यावर दहाच्या दहा झाडांचा वास वेगळा येऊ शकतो. एकाचा लिंबाच्या सालीसारखा, एकाचा ओल्या लाकडासारखा, एखाद्याचा पिकलेल्या आंब्यासारखा आणि एखाद्याचा इतका उग्र की शेजारी विचारायला येतील काय जळतंय म्हणून. नवीन माणसाला वाटतं खताचा फरक असेल, मातीचा असेल. थोडा असतोही, पण मुख्य गोष्ट बीमध्येच ठरलेली असते आणि ब्रीडरचं सगळं काम ती ठरलेली गोष्ट ओळखून धरून ठेवण्याचं असतं.

सुरुवातीलाच एक सांगतो, ही लागवड बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय गुन्हा आहे, तेव्हा तुमच्याकडे काय चालतं ते आधी बघा. ज्यांना झाड लावायचंच नाहीये पण विषय समजून घ्यायचाय त्यांनी यातल्या बऱ्याच पायऱ्या पुदिना किंवा तुळशीवर करून बघितल्या तरी चालतील, तेलाच्या ग्रंथी तिथेही आहेत आणि नाक तर तेच आहे.

पायरी १: आधी कारखाना डोळ्यांनी बघा

३० पट किंवा ६० पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. फुलोऱ्यातल्या एका बारीक पानाच्या कडेवर फोकस करा, हात हलणार, दोन मिनिटं वैताग येणार, आणि मग एकदम दिसेल. काचेच्या छोट्या मशरूमचं जंगल. खाली बारीक दांडा, वर पारदर्शक गोल डोकं. यालाच ट्रायकोम म्हणतात आणि झाडाचा जवळजवळ सगळा वास त्या डोक्यात असतो, पानाच्या गरात नाही. डोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असतं.

गांजाच्या झाडावर तेल बनवणारे ट्रायकोम तीन प्रकारचे, एकदम बारके गोळे, पानाला चिकटून बसलेले बिनदांड्याचे, आणि हे दांड्यावाले. दांड्यावाले मुख्यतः मादी फुलांच्या आवरणावर असतात आणि आपल्याला हवा तो माल त्यांच्यातच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बिनदांड्याच्या डोक्यात तेल बनवणाऱ्या साधारण ८ पेशींची चकती असते, दांड्यावाल्यात १२ ते १६ पेशींची, आणि दोघांचा वासही वेगळा, दांड्यावाल्यांमध्ये हलके, चटकन उडणारे वास जास्त आणि बिनदांड्याच्यांमध्ये जड वास जास्त. म्हणून कोवळ्या झाडाचं पान चुरून घेतलेला वास आणि फुलोऱ्याचा वास कधीच जुळत नाही, आणि पानाच्या वासावरून झाडं फेकून देणारे लोक पुढे हात चोळत बसतात.

चकतीतल्या पेशी तेल बनवतात आणि वरच्या पातळ पडद्याखालच्या पोकळीत ढकलतात. स्वतःच्या पेशीत ठेवत नाहीत, कारण हे पदार्थ पेशीसाठी विषारीच असतात. झाड हे आपल्या नाकासाठी करत नाही हे उघड आहे, किडे दूर ठेवायला, खाणाऱ्या जनावराचं तोंड कडू करायला, असल्या कामांसाठी आहे ते सगळं. तुमचं बोट लागलं की पडदा फुटतो आणि तेल बोटाला चिकटतं. म्हणजे प्रत्येक वेळी फुल चोळून वास घेताना तुम्ही थोडा नमुना खराब करताय, हे लक्षात असू द्या.

पायरी २: रेसिपी कशी लिहिली जाते ते समजून घ्या

इथे थोडं रसायनशास्त्र आहे, पण हे वगळलं तर पुढची निवड अंदाजपंचे होते, म्हणून वाचाच.

टर्पीन म्हणजे झाडाला बहुतेक वास देणारे, ५ कार्बनच्या छोट्या तुकड्यांपासून बनलेले पदार्थ. असले दोन तुकडे जोडले की १० कार्बनचे मोनोटर्पीन, तीन जोडले की १५ कार्बनचे सेस्क्विटर्पीन. दोघांची स्वयंपाकघरं वेगळी आहेत. मोनोटर्पीनसाठी लागणारे तुकडे प्लास्टिड नावाच्या पेशीतल्या भागात बनतात, सेस्क्विटर्पीनचे बाहेर पेशीद्रवात, वेगळ्या मार्गाने. १० कार्बनचा जो कच्चा माल तयार होतो त्याला जीपीपी म्हणतात, १५ वाल्याला एफपीपी.

गंमत अशी की हाच जीपीपी टीएचसी (गांजातला नशा आणणारा पदार्थ) आणि सीबीडी (त्याचा नशा न आणणारा भाऊ) बनवायलाही लागतो. तो एका दुसऱ्या आम्लाशी जोडला जातो, त्यातून सीबीजीए बनतं, आणि तिथून पुढे टीएचसीए किंवा सीबीडीए. म्हणजे लिंबाचा वास आणि टीएचसी एकाच पिठाच्या डब्यातून येतात. यावरून कुणालाही वाटेल की एक वाढलं की दुसरं कमी होणार, मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं, पण प्रत्यक्षात मोजलं तर दोन्ही सहसा बरोबरच वाढलेली दिसतात. कारण ज्या झाडावर ट्रायकोम जास्त आणि मोठे त्याच्याकडे डबेच जास्त असतात, त्यामुळे भांडण होण्याआधीच दोघांचं भागतं.

आता कच्च्या मालातून नेमका कुठला वास बनणार हे टर्पीन सिंथेस नावाचे एन्झाइम ठरवतात. गांजाच्या जीनोममध्ये यांचे ३० पेक्षा जास्त जीन सापडलेत. २०१७ मध्ये फिनोला नावाच्या हेम्पच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या गांजाच्या, वाणातले ९ तपासले गेले आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली, एक एन्झाइम एकच पदार्थ बनवतो असं नाही. एक एन्झाइम होता तो कॅरिओफिलीन आणि ह्युम्युलीन दोन्ही एकदम बनवतो, म्हणून लॅब रिपोर्टात हे दोघे कायम जोडीने वरखाली होताना दिसतात. तुम्ही ठरवलंत की कॅरिओफिलीन ठेवायचं आणि ह्युम्युलीन काढायचं, तर त्या एन्झाइमला तुमचं ऐकायची काही गरज नाही.

यातून कामाची गोष्ट एवढीच घ्या. कुठलं टर्पीन कुठल्या प्रमाणात, हे बहुतेक जीनवर ठरतं. एकूण किती, हे ऊन, उष्णता, खत, कापणीची वेळ, वाळवण यांच्यावर बरंच हलतं. भाजीत हिंग किती आणि जिरं किती हे आईच्या हाताचं, पण पातेलं किती भरलं हे त्या दिवसावर. म्हणून निवडताना आधी प्रमाण बघायचं, मग मात्रा. उलटं करणारे लोक खूप आहेत, एकूण टर्पीनचा आकडा बघून झाड ठेवतात आणि पुढच्या हंगामात तो आकडा अर्ध्यावर आला की बियाण्याला शिव्या घालतात.

पायरी ३: नाकाला नावं शिकवा

गांजामध्ये शंभराहून जास्त टर्पीन सापडलेत पण रोजच्या कामात आठ-नऊ ओळखता आले तरी भागतं. मायर्सीन, ओलसर, मातीकडे झुकणारा, कधी जास्त पिकलेल्या फळासारखा. लिमोनीन म्हणजे संत्र्या-लिंबाची साल. पायनीन म्हणजे पाइनचं झाड, टर्पेंटाइन. लिनालूल लॅव्हेंडरसारखा. टर्पिनोलीन जरा विचित्र, गोड, सफरचंद आणि ताज्या सुतारकामाच्या मधे कुठेतरी. ऑसिमीन हिरवट गोड. कॅरिओफिलीन काळ्या मिरीचा, लवंगेचा. ह्युम्युलीन बिअरमधल्या हॉप्सचा, त्याचं नावच हॉप्सच्या शास्त्रीय नावावरून आलंय, आणि हॉप्स हा गांजाचा सख्खा चुलतभाऊ, एकाच कुळातला.

शिकायचं कसं, तर पुस्तकातून नाही. संत्र्याची साल, कुटलेली मिरी, लॅव्हेंडरचं तेल, पाइनचं तेल, एकेक झाकणाच्या बाटलीत ठेवा, बाटल्यांवर फक्त नंबर, डोळे मिटून ओळखा. आठवडाभर रोज पाच मिनिटं. हे पोरखेळ वाटतं पण पुढे चाळीस झाडांमधून फिरताना "चांगला वास" आणि "वरून लिमोनीन, मागून मिरी" यातला फरक इथेच तयार होतो. नुसतं "चांगला वास" लिहिलेल्या नोंदीचा सहा महिन्यांनी काहीच उपयोग नसतो.

आणि आता एक धक्का. गांजाचा जो अस्सल उग्र, स्कंक (घाण वास सोडणारा एक प्राणी) म्हणतात तो वास, तो टर्पीनचा नाहीच. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की तो गंधक असलेल्या अतिसूक्ष्म पदार्थांमुळे येतो, त्यातला मुख्य पदार्थ उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाण वास मारतो तोच. त्याच संशोधकांच्या २०२३ च्या कामात पुढे असं आलं की काही झाडांचा ट्रॉपिकल फळांचा वाससुद्धा वेगळ्या गंधकी पदार्थांचा आणि काहींचा खमंग-केमिकल वास इंडोल, स्कॅटोल नावाच्या पदार्थांचा असतो. यांची मात्रा इतकी कमी की नेहमीच्या टर्पीन रिपोर्टात यांचा रकानाच नसतो. दोन झाडांचा रिपोर्ट हुबेहूब सारखा आणि वास जमीन-अस्मानाचा, असं झालं तर मशीन खोटं बोलत नाहीये, त्याला ते विचारलंच नव्हतं.

पायरी ४: काय शोधताय ते कागदावर लिहा

हे छोटंसं वाटतं पण बहुतेक लोक इथेच घसरतात. "भारी वास" हे ध्येय नाही. "लिमोनीन सगळ्यात वर, त्याखाली कॅरिओफिलीन, गवताचा वास नको, वाळल्यावर महिनाभर टिकला पाहिजे" हे ध्येय आहे.

लिहिताना इंडिका आणि सॅटिवा, बाजारात गांजाचे दोन प्रकार म्हणून चालणारे हे शब्द टाळा. २०२१ मध्ये २९७ नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात या लेबलांचा झाडाच्या एकूण जनुकीय नात्याशी फारसा मेळ बसला नाही, फक्त काही मोजक्या टर्पीनशी संबंध दिसला, म्हणजे इंडिका म्हटलेल्यांत मायर्सीनसारखे मातकट वास जास्त आणि सॅटिवा म्हटलेल्यांत फार्नेसीन, बर्गॅमोटीन असले गोडसर. थोडक्यात लोक आधी वास घेतात आणि मग लेबल चिकटवतात. वाणाच्या नावाचंही तेच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ६ राज्यांतल्या जवळपास ९०,००० लॅब नमुन्यांची छाननी झाली, शेकडो नावं बाजारात असूनही ढोबळ गट तीनच निघाले: कॅरिओफिलीन-लिमोनीनवाला, मायर्सीन-पायनीनवाला आणि टर्पिनोलीन-मायर्सीनवाला. तुमचं ध्येय आधी या तीनपैकी कुठल्या घरात बसतं ते बघा, मग बारकावे.

पायरी ५: किती झाडं लागतील याचा हिशोब

गांजा वाऱ्याने परागीभवन होणारं झाड, नर वेगळा, मादी वेगळी, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जीनची सरमिसळ झालेली असते. हा हिशोब नीट केला नाही तर "माझ्या बियांमध्ये काहीच चांगलं निघालं नाही" असं होतं, आणि खरं म्हणजे तुम्ही सहाच झाडं लावलेली असतात.

समजा तुम्हाला हवा तो गुण एका दबलेल्या जीनवर आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो, आणि दुसऱ्या पिढीत चारात एक झाडात दिसतो. किमान एक तरी झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ झाडं लागतात. असे दोन गुण एकत्र हवेत, म्हणजे सोळात एक, तर ४७. तीन गुण, चौसष्टात एक, तर १९१. आणि ही फक्त ज्यांचा वास घेता येतो त्या माद्यांची संख्या आहे, साध्या बियांत निम्मे नर निघतात म्हणजे बिया दुप्पट धरा. टीएचसी की सीबीडी हे मुख्यतः एका जागेवरच्या जीनने ठरतं आणि पहिल्या क्रॉसनंतर दुसऱ्या पिढीत १:२:१ असं सुबक वाटप दिसतं. वासाचं तसं नाही, तिथे बरेच जीन एकत्र काम करतात, म्हणून वरचे आकडे म्हणजे कमीत कमी समजा.

जागा दहाच झाडांची असेल तर ध्येय एकाच गुणाचं ठेवा.

पायरी ६: सगळ्यांना एकसारखं वाढवा, आणि प्रत्येकाचा क्लोन काढा

फुलोरा आणण्याआधी प्रत्येक झाडाची एक-दोन कलमं काढून, मुळं फुटवून बाजूला ठेवा. झाड फुलून, कापून, वाळून झाल्यावर कळणार की तेच सर्वात भारी होतं, आणि तोवर ते संपलेलं असतं. कलम हाच तुमचा परतीचा रस्ता.

लेबल लावताना पाण्याने न जाणारी पेन्सिल वापरा. मी पहिल्या वर्षी मार्करने लिहिलं होतं, तीन आठवड्यांत पाणी आणि उन्हाने १७ चा १ गेला, ७ राहिला, आणि आता दोन झाडांवर ७. दोन्ही कलमं फुलवून परत ओळखेपर्यंत एक अख्खा हंगाम गेला. आता मी झाडाच्या बुडाला एक आणि कुंडीवर एक असा नंबर दोनदा लावतो आणि तरी वहीत जागेचा नकाशा काढून ठेवतो.

सारखी कुंडी, सारखी माती, सारखं पाणी. दिव्याच्या मधोमध असलेलं झाड आणि कोपऱ्यातलं झाड यांची तुलना करू नका, दर आठवड्याला जागा बदला. आणि जवळपास नर नको. बी धरलं की झाड आपली ताकद तिकडे वळवतं, बी न धरलेल्या फुलोऱ्याच्या तुलनेत तेल निम्म्याच्या आसपास येतं. गांजाचे परागकण वाऱ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर जातात, त्यामुळे दार बंद केलं की झालं असं समजू नका, नराला हात लावून आलात तर कपडे बदला.

पायरी ७: वास घ्यायचं वेळापत्रक

फुलोरा सुरू झाल्यापासून चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा, मग दर आठवड्याला, कापणीपर्यंत. वास बदलत जातो, पाचव्या आठवड्यात नुसतं गवत वाटणारं झाड आठव्यात लिंबू होतं, म्हणून आधीच्या नोंदीवर झाड काढायचं नाही. भिंगातून डोकी बघत राहा, काचेसारखी असताना कच्ची, दुधाळ झाली की भरात, तांबूस व्हायला लागली की हलके वास उडायला लागले असं समजा.

पद्धत अशी. सकाळी, ऊन तापायच्या आधी. हाताला साबणाचा, क्रीमचा वास नको, कॉफी नंतर. प्रत्येक झाडाच्या सारख्याच उंचीवरच्या फुलाला एकदाच हलकं बोट लावा, पहिला श्वास छोटा, लगेच जे सुचलं ते लिहा, मग दहा सेकंदांनी दुसरा. पहिल्या श्वासात हलके मोनोटर्पीन येतात, बोटावर अर्ध्या मिनिटाने जे उरतं ते जड. दोन्हींची वेगळी नोंद. चार-पाच झाडांनंतर नाक बधिर होतं, तेव्हा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, तो नाकाच्या ओळखीचा असल्यामुळे परत शून्यावर यायला मदत होते, आणि दहा झाडांनंतर सरळ बाहेर जा. मी एकदा जोशात तीस झाडं एका दमात केली, वहीत शेवटच्या बारा झाडांपुढे एकच शब्द होता: "मिरी".

जमल्यास दुसऱ्या माणसालाही करायला लावा, नंबर न सांगता. दोघांच्या नोंदी पहिल्या दिवशी वाचून दाखवू नका, नाहीतर दुसरा आपोआप तुमचाच वास घ्यायला लागतो.

पायरी ८: वाळवा आणि परत निवडा

आमच्याकडे एका लॉटमध्ये एक झाड होतं, जिवंत असताना कैरी कापल्यासारखा खणखणीत वास, सगळे त्याच्यावरच फिदा. वाळवून बाटलीत ठेवलं, तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर सुकं गवत. आणि त्याच्या शेजारचं, ज्याच्यापुढे वहीत फक्त "ठीक" लिहिलेलं, त्याने बाटलीतून अख्खी खोली भरली.

कारण सरळ आहे. मोनोटर्पीन हलके, साध्या खोलीच्या तापमानालाही उडतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात ताज्या फुलातलं सुगंधी तेल आठवडाभर वाळवल्यावर जवळपास ३० टक्के कमी झालं होतं, आणि तीन महिन्यांच्या साठवणीनंतर निम्म्याहून जास्त गेलं होतं. जे जातं त्यात हलके जास्त, म्हणून सगळ्याच झाडांचा वास कालांतराने मिरी-लाकडाकडे सरकतो. तुम्हाला शोधायचंय ते झाड जे सरकतं पण स्वतःची ओळख सोडत नाही.

वाळवण सगळ्यांची एकाच खोलीत, अंधारात, १६ ते २० अंश सेल्सिअस आणि साधारण ६० टक्के आर्द्रतेवर, १० ते १४ दिवस. फॅन थेट फुलांवर नको. मग काचेच्या बाटल्या, पाऊण भरलेल्या, आणि वास तीनदा: वाळल्यावर लगेच, एक महिन्याने, तीन महिन्यांनी. घाई असेल तर निदान महिन्याची नोंद तरी चुकवू नका, निम्मी क्रमवारी तिथे उलटते.

पायरी ९: लॅब, पण शेवटच्या चार-पाच झाडांसाठी

गॅस क्रोमॅटोग्राफी हे वासाचे घटक वेगळे करून मोजायचं यंत्र. सगळ्या झाडांचे नमुने पाठवणं म्हणजे पैसे जाळणं, नाकाने गाळून उरलेलेच पाठवा. प्रत्येक झाडाचा नमुना सारख्या उंचीवरून, सारख्या दिवशी, कारण शेंड्याच्या आणि खालच्या फुलांचे आकडे वेगळे येतात. एकाच झाडाचे दोन नमुने वेगळ्या नावाने पाठवून बघा, लॅबचा स्वतःचा फरक किती हे कळतं, आणि त्या फरकापेक्षा लहान गोष्टीवरून कुणाला पास-नापास करायचं नाही हेही.

रिपोर्ट आला की टक्क्यांकडे न बघता प्रत्येक टर्पीनला एकूण टर्पीनने भागा. एका झाडात १.२ टक्के लिमोनीन आणि एकूण ३, दुसऱ्यात ०.८ आणि एकूण २. दोघांत लिमोनीनचा वाटा ४० टक्केच, म्हणजे रेसिपी एकच, पातेलं लहान-मोठं. वाळलेल्या फुलात एकूण टर्पीन साधारण १ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान असतात, त्याच्या खूप वरचा आकडा कुणी दाखवला तर मी आधी नमुना कसा घेतला ते विचारतो.

पायरी १०: नराची अडचण

नराकडे फुलोऱ्याचं तेल नसतं, ट्रायकोम विरळ. पण पुढच्या पिढीचे निम्मे जीन तोच देतो. देठ चोळून वास बघतात, परागकोशावरच्या ग्रंथी भिंगातून बघतात, काही ना काही कळतं, पण त्यावर विश्वास ठेवून नर निवडणं म्हणजे बापाचा शर्ट बघून मुलीचा आवाज ओळखणं.

खरी परीक्षा लेकींची. तीन-चार नर घ्या, प्रत्येकाचे परागकण त्याच एका मादीच्या वेगवेगळ्या फांद्यांवर, फांदी पिशवीने झाकून. बिया वेगळ्या ठेवा, प्रत्येक बापाच्या दहा-बारा लेकी फुलवा आणि ज्याच्या लेकींत हवा तो वास जास्त जणींत दिसेल तो बाप ठेवा. वर्ष जातं यात. म्हणून बरेच ब्रीडर नर टाळतात आणि चांदीच्या संयुगाचा फवारा देऊन मादीलाच नर फुलं आणतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा वास माहीत असलेला. स्वतःचा स्वतःशीच संकर केला तर गुण लवकर पक्के होतात पण झाडं दोन-तीन पिढ्यांत किरकोळ व्हायला लागतात, वाढ मंद, फुलोरा बारीक. थोडं चालतं, सवय लावू नये.

पायरी ११: पहिल्या क्रॉसवर खूश होऊ नका

दोन चांगली झाडं क्रॉस केली की पहिली पिढी बऱ्याचदा जोमदार निघते आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. ज्या गुणांचे जीन दबलेले असतात ते दुसऱ्या पिढीतच बाहेर येतात, तिथे पायरी ५ चा हिशोब परत. हवा तो वास एका पालकात होता आणि बाकी सगळं दुसऱ्यात, तर लेकीतली वासवाली निवडून परत त्या दुसऱ्या पालकाशी क्रॉस करत जायचं, दर पिढीला वास तपासत, कारण दर पिढीला तो निसटायची संधी असते.

पायरी १२: निवडलेलं झाड सांभाळा

मूळ झाड दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी क्लोनचा वास फिका पडला, फुलोरा ढिला झाला, ट्रायकोम कमी दिसले तर लोक म्हणतात जीन थकले. तसं सहसा नसतं, आधी हॉप लेटंट व्हायरॉइडची टेस्ट करा, हा बारकासा संसर्ग कापायच्या कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातो, बाहेरून झाड ठणठणीत दिसतं आणि तेल मात्र आटतं. प्रत्येक झाडानंतर कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवा, हे मी आता झोपेतसुद्धा करेन.

आणि निवडलेल्या प्रत्येक झाडाचं थोडं वाळलेलं फूल छोट्या काचेच्या बाटलीत, तारीख घालून, फ्रीझरमध्ये. पुढच्या हंगामात नवीन झाडाचा वास घेताना "गेल्या वर्षीच्याइतकाच भारी आहे" असं कुणी म्हणालं की ती बाटली काढायची, नीट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच झाकण उघडायचं, थंड असताना उघडली तर आत पाणी धरतं.